प्राण्यांवरील क्रौर्य कसे ओळखावे आणि कसे थांबवावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रौर्य म्हणजे नेमके काय? प्राण्याला कोणी मारहाण केली तरच ते क्रौर्य ठरते का?

मारहाण करणे, जाळणे, विष घालणे, झुंजी लावणे हे क्रौर्य ओळखायला कोणाची मदत लागत नाही. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो आणि बहुतेक देशांतील कायदा त्याला गुन्हा मानतो. दुसरा प्रकार हेळसांडीचा. गळ्यातली साखळी मांसात रुतलेला कुत्रा, पाण्याविना उन्हात बांधून ठेवलेले जनावर, खुरांची वाढ न कापल्यामुळे वाकडी चालणारी शेळी, यांच्यावर कोणी हात उगारलेला नसतो. रोज करायचे काम कोणीतरी रोज टाळलेले असते. तिसरा प्रकार सर्वांत मोठा आहे आणि तोच नजरेआड राहतो. त्यात दुष्टपणाही नसतो आणि आळसही नसतो. पिंजरा किती रुंद असावा, पिल्लू किती दिवसांत किती वजनाचे व्हावे, एका जहाजात किती मेंढ्या मावतात, याचा हिशेब कोणीतरी कागदावर मांडतो, तो हिशेब कायद्यातही बसतो, आणि कोट्यवधी जीव त्या हिशेबाच्या चौकटीत जन्म काढतात. पुढील अनेक उत्तरे या तिसऱ्या प्रकाराकडे वळतात, कारण प्राण्यांच्या वाट्याला येणाऱ्या दुःखाचा फार मोठा भाग तेथेच साठलेला आहे.

प्राण्यांना खरोखर वेदना होतात, हे कशावरून?

सस्तन प्राणी आणि पक्षी यांच्याविषयी गंभीर वाद आता उरलेला नाही. जुलै २०१२ मध्ये केंब्रिज येथे जमलेल्या मेंदूशास्त्रज्ञांनी जाहीर केले की, जाणीव ज्यातून उद्भवते ती मज्जासंस्थेतील यंत्रणा केवळ माणसाजवळ नाही. सर्व सस्तन प्राणी, सर्व पक्षी आणि ऑक्टोपससारखे इतर काही जीव यांच्याजवळही ती आहे.

माशांविषयी मात्र लोक अजून साशंक असतात, म्हणून एक प्रयोग थोडा तपशिलाने सांगतो. २००३ मध्ये ब्रिटनमधील शास्त्रज्ञ लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउट जातीच्या माशांच्या ओठांत सौम्य आम्ल टोचले. मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासू लागले, एकाच जागी डावीकडे-उजवीकडे झुलत राहिले, त्यांचा श्वास वाढला आणि कित्येक तास त्यांनी अन्नाला तोंड लावले नाही. मॉर्फिन दिल्यावर ही लक्षणे कमी झाली. चटका बसताच हात मागे घेण्यासारखी ही क्षणिक क्रिया असती, तर ती तासन्‌तास टिकली नसती आणि वेदनाशामकाने शमलीही नसती. माशाला ओरडता येत नाही, एवढ्यावरून त्याला दुखत नाही असा निष्कर्ष आपण फार काळ काढत आलो.

खेकडे, शेवंडे आणि ऑक्टोपस यांच्याबाबतही कायदा पुढे सरकू लागला आहे. शेवंडाला शुद्धीवर असताना उकळत्या पाण्यात टाकण्यास स्वित्झर्लंडने २०१८ मध्ये मनाई केली, आणि ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात या जीवांना संवेदनशील म्हणून मान्यता दिली.

‘पाच स्वातंत्र्ये’ असा उल्लेख नेहमी येतो. ती कोणती?

ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात बंदिस्त पशुपालनाविरुद्ध मोठी ओरड झाली, तेव्हा सरकारने एक समिती नेमली. ब्रॅम्बेल समिती या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या समितीने १९६५ मध्ये सांगितले की, पाळीव जनावराला निदान उभे राहता यावे, आडवे होता यावे, मागे वळता यावे, अंग स्वच्छ करता यावे आणि अवयव ताणता यावेत. इतकी साधी मागणी सरकारी समितीला लेखी करावी लागली, यावरून त्या वेळची स्थिती कळते. १९७९ मध्ये या विचाराला आजचे रूप मिळाले: भूक आणि तहान यांपासून मुक्तता, अस्वस्थतेपासून मुक्तता, वेदना, इजा व रोग यांपासून मुक्तता, स्वाभाविक वर्तन करण्याचे स्वातंत्र्य, आणि भय व मानसिक क्लेश यांपासून मुक्तता.

यातील चौथे स्वातंत्र्य लोकांना चैनीसारखे वाटते. त्यांनी कोंबडीला धूळस्नान करताना एकदा जवळून पाहावे. ती मोकळ्या मातीत उथळ खळगा करते, कुशीवर लवंडते, पिसे फुलवते, पाय आणि पंख मारून माती पिसांच्या मुळापर्यंत पोहोचवते, काही वेळ डोळे अर्धवट मिटून निश्चल पडते आणि मग उठून सर्वांग झटकते. त्या झटक्यासरशी माती बाहेर पडते आणि तिच्याबरोबर पिसांवरचे शिळे तेलही निघून जाते. जन्मभर तारेच्या तळावर उभी असलेली, मातीचा कणही न पाहिलेली कोंबडी हीच हालचाल तारेवर करत राहते. तिला काय हवे आहे, हे याहून स्पष्ट ती सांगू शकत नाही.

जगात सर्वांत जास्त प्राणी नेमके कोठे दुःख भोगतात?

बातम्यांत कुत्री, मांजरे, हत्ती आणि देवमासे येतात. संख्येच्या दृष्टीने उत्तर वेगळे आहे. अन्नासाठी दरवर्षी ८ हजार कोटींहून अधिक भूचर प्राणी मारले जातात आणि त्यांतील ७ हजार कोटींहून अधिक कोंबड्या असतात. समुद्रातून आणि नद्यांतून पकडल्या जाणाऱ्या माशांची मोजणी नगांत होत नाही, टनांत होते. अभ्यासकांचा अंदाज १ लाख कोटींच्या वर जातो.

अंड्यांसाठी ठेवलेल्या कोंबडीचे घर म्हणजे अनेक देशांत आजही तारेचा पिंजरा. युरोपीय संघाने साध्या पिंजऱ्यांवर १ जानेवारी २०१२ पासून बंदी घातली, त्याआधी तेथील नियमानुसार एका कोंबडीला किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा द्यावी लागत असे. छपाईचा नेहमीचा ए-चार कागद सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. म्हणजे त्या कागदाहून लहान जागेत पंख न उघडता एक आयुष्य. अंड्यांच्या जातीतील नर पिल्ले अंडी देत नाहीत आणि मांसासाठीही परवडत नाहीत, म्हणून ती बहुधा अंड्यातून बाहेर आल्याच्या दिवशीच मारली जातात. जर्मनीने ही पद्धत २०२२ च्या प्रारंभापासून बंद केली. पिल्लू उबण्यापूर्वीच अंड्यातील गर्भ नर आहे की मादी, हे ओळखण्याचे तंत्र आता उपलब्ध आहे.

मांसल कोंबडीचे दुःख पिंजऱ्यात नसते, तिच्या शरीरातच असते. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५७ मधील आणि २००५ मधील वाणाची पिल्ले एकाच खाद्यावर शेजारी शेजारी वाढवली. ५६ व्या दिवशी जुन्या वाणाचा पक्षी सुमारे ९०५ ग्रॅमचा होता, तर नव्या वाणाचा सुमारे ४ किलो २०० ग्रॅमचा. कोणतेही औषध नाही, कोणतीही जबरदस्ती नाही. केवळ निवड पद्धतीने पैदास. हृदय आणि पायांची हाडे मात्र या वेगाला पुरी पडत नाहीत, आणि शेवटच्या आठवड्यांत अनेक पक्षी चालण्यापेक्षा बसून राहणे पसंत करतात. येथे कोणालाही हातकडी घालता येणार नाही. गुन्हेगार शोधायला गेल्यास वजनाचा एक तक्ता सापडतो.

गाभण डुकरिणींच्या अरुंद कप्प्यांचीही हीच कथा. त्यांत तिला मागे वळताही येत नाही. युरोपीय संघाने २०१३ पासून, गर्भारपणाचे पहिले चार आठवडे आणि पिल्ले होण्याआधीचा शेवटचा आठवडा सोडून, ही कोंडी बेकायदा ठरवली. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २०१८ मध्ये अशा कोंडीतून आलेल्या मांसाच्या विक्रीवरही बंदी आणली आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ती कायम ठेवली. विक्रीवरील बंदीचे महत्त्व मोठे आहे. केवळ पालनावर बंदी घातली, तर पिंजरे शेजारच्या प्रांतात हलतात आणि माल पुन्हा त्याच दुकानात येतो.

मांस खाणाऱ्या माणसाला पशुकल्याणाबद्दल बोलण्याचा अधिकार आहे का?

आहे. माझ्या मते हा प्रश्न विचारून पुष्कळ चांगल्या माणसांना गप्प केले जाते. वनस्पतिजन्य आहार स्वीकारणे हा प्राण्यांच्या दुःखातील आपला वाटा कमी करण्याचा सरळ मार्ग आहे, यात शंका नाही. परंतु जो माणूस मांस, अंडी किंवा दूध सोडत नाही, तो कमी खाऊ शकतो, पिंजरामुक्त अंडी मागू शकतो, कायद्याच्या बाजूने मत देऊ शकतो. वर सांगितलेले कॅलिफोर्नियातील मतदान मांस खाणाऱ्यांच्या मतांवाचून जिंकता आले नसते. केवळ शाकाहारी असणे मात्र पुरेसे नाही, कारण दुधासाठी पाळलेल्या गाईचे वासरू आणि अंड्यांच्या धंद्यातील नर पिल्लू यांचे पुढे काय होते, हा प्रश्न शाकाहारी माणसासमोरही उभा राहतोच.

जिवंत जनावरांच्या समुद्रमार्गे वाहतुकीला एवढा विरोध का?

प्रवास आठवडे चालतो, उष्णता आणि अमोनियाचा वास कोंदून राहतो, आणि संकट आल्यास जनावराला पळायला जागा नसते. सप्टेंबर २०२० मध्ये न्यूझीलंडहून चीनकडे निघालेले ‘गल्फ लाइव्हस्टॉक १’ हे जहाज वादळात बुडाले. त्यावर ४३ कर्मचारी आणि ५,८६७ गाई-गुरे होती. दोन माणसे वाचली. जून २०२२ मध्ये सुदानच्या सुआकिन बंदरात मेंढ्यांनी भरलेले एक जहाज धक्क्याजवळच कलंडले आणि १५ हजारांहून अधिक मेंढ्या गेल्या. खलाशी सर्व वाचले, कारण त्यांना कोणी कठड्यांत कोंडलेले नव्हते.

न्यूझीलंडने एप्रिल २०२३ च्या अखेरीस ही निर्यात थांबवली, मात्र पुढच्या सरकारने बंदी उठवण्याचा मनोदय जाहीर केला. ब्रिटनने २०२४ मध्ये कत्तलीसाठी आणि पुष्ट करण्यासाठी होणारी निर्यात कायद्याने बंद केली. ऑस्ट्रेलियाचा मेंढ्यांबाबतचा कायदा मे २०२८ पासून लागू होणार आहे. मांस गोठवून पाठवता येत असताना जिवंत जीव पाठवण्याची सक्ती कशासाठी, या प्रश्नाला व्यापाराखेरीज दुसरे पटणारे उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

ओझी वाहणाऱ्या जनावरांसाठी काय करता येते? त्यांचा मालकच गरीब असतो.

या प्रश्नातच उत्तराची निम्मी वाट आहे. घोडा, गाढव, खेचर आणि बैल यांच्यावर जगातील कोट्यवधी कुटुंबांचे पोट चालते, आणि जनावर जप्त केले तर मालक दुसऱ्या दिवशी त्याहून थकलेले, त्याहून स्वस्त जनावर विकत आणतो.

या कामाची एक मोठी परंपरा कैरो शहरात सुरू झाली. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश घोडदळाचे हजारो घोडे इजिप्तमध्ये विकून टाकण्यात आले होते. डोरोथी ब्रुक ही एका सेनाधिकाऱ्याची पत्नी १९३० मध्ये कैरोला आली, तेव्हा ते घोडे म्हातारपणी दगड आणि माल ओढताना तिला दिसले. हाडे वर आलेली, पाठीवर व्रण, काही आंधळे. तिने १९३१ मध्ये लंडनच्या एका वृत्तपत्रात पत्र लिहिले, वाचकांनी पैसे पाठवले, आणि पुढील काही वर्षांत तिने सुमारे ५,००० घोडे विकत घेतले. बहुतेक इतके खंगलेले होते की त्यांना थोडे दिवस विसावा आणि चारा देऊन वेदनारहित मरण देण्यापलीकडे काही करण्यासारखे नव्हते. १९३४ मध्ये तिने तेथे मोफत पशुरुग्णालय उघडले, आणि तेथून उभी राहिलेली संस्था आज अनेक देशांत काम करते.

अशा संस्थांचे काम जवळून पाहिल्यास ते फारच साधे वाटते. गाढवाच्या पाठीवरील व्रण बहुधा चाबकाचा नसतो. खोगिराखालची गादी एका बाजूने दबलेली असते, ओझे तिकडे कलते, दोर त्याच ठिकाणी रोज घासतो, घाम आणि धूळ त्यात मिसळते आणि केस जाऊन कातडी उघडी पडते. त्यावर मलम लावून तेच खोगीर पुन्हा चढवले, तर व्रण कधीही भरत नाही. गादी मध्यभागी मोकळी ठेवून शिवली, म्हणजे पाठीच्या कण्यावर भार न येता तो दोन्ही बरगड्यांवर वाटला जातो, आणि पट्ट्याला सुती कापड गुंडाळले, की तीच पाठ काही आठवड्यांत भरून येते. हे मालकाला रागावून नव्हे, तर त्याच्या शेजारी बसून दाखवावे लागते.

गाढवांवर अलीकडे वेगळे संकट आले. चीनमध्ये एज्याओ नावाच्या पारंपरिक औषधासाठी गाढवाच्या कातडीतील सरस लागतो, आणि त्या मागणीमुळे आफ्रिकेत गाढवांच्या चोऱ्या आणि कत्तली वाढल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये आफ्रिकी संघाने कातडीसाठी होणाऱ्या कत्तलीवर पंधरा वर्षांची बंदी मान्य केली. पाणी वाहून आणणारे गाढव गेले, की हंडा पुन्हा बाईच्या आणि मुलीच्या डोक्यावर येतो. या निर्णयामागे ही जाणीवही होती.

भटकी कुत्री मारून टाकली तर रेबीजचा प्रश्न सुटणार नाही का?

नाही, आणि हे भावनेपोटी केलेले विधान नाही. रेबीजने जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे मरतात आणि बहुतेक सर्व रुग्णांना तो कुत्र्याच्या चाव्यातून होतो, त्यामुळे लोकांची भीती खरी आहे आणि ती हिणवणे चुकीचे आहे. पण सरसकट मारताना लस टोचलेली कुत्रीही मरतात, त्यांच्या रिकाम्या जागी बाहेरची आणि नव्याने जन्मलेली, लस न टोचलेली कुत्री येतात, आणि घाबरलेले मालक आपली कुत्री लपवून दुसऱ्या गावी नेतात, त्यांच्याबरोबर रोगही जातो. इंडोनेशियातील बाली बेटावर २००८ मध्ये रेबीज आढळल्यावर प्रथम कुत्र्यांची मोठी कत्तल झाली, तरीही रोग बेटभर पसरला. २०१० मध्ये संपूर्ण बेटावर लसीकरण हाती घेतल्यानंतर तो झपाट्याने ओसरू लागला. एखाद्या भागातील ७० टक्के कुत्र्यांना नियमित लस मिळाली, तर रोगाची साखळी तुटते, हे सर्वमान्य गणित आहे. मेक्सिकोने अनेक वर्षे मोफत लसीकरण चालवले, आणि कुत्र्यांपासून होणारे रेबीजमृत्यू संपवणारा पहिला देश म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने त्याला २०१९ मध्ये मान्यता दिली.

लसीबरोबर निर्बीजीकरण हवे, कचऱ्याची नीट विल्हेवाट हवी, आणि कुत्रा सोडून देणाऱ्या मालकावर कारवाई हवी. यांतील एक धागा सुटला, तर बाकीच्या दोहोंचे श्रम वाया जातात.

प्राण्यांवरील प्रयोग पूर्ण बंद होऊ शकतील का?

काही क्षेत्रांत ते झालेच आहेत. युरोपीय संघात ११ मार्च २०१३ पासून प्राण्यांवर चाचणी केलेल्या सौंदर्यप्रसाधनांच्या विक्रीवर संपूर्ण बंदी आहे, आणि भारताने अशा चाचण्या २०१४ मध्ये बंद केल्या. १९४४ पासून रूढ झालेल्या ड्रेझ चाचणीत सशाच्या डोळ्यात रसायन घालून डोळा किती सुजतो हे पाहत असत; आज त्यातील बऱ्याच कामासाठी प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींचा पारदर्शक पडदा वापरला जातो.

औषधांच्या बाबतीत वाट लांब आहे. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वे तेथे मार्गदर्शक मानली जातात: प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरणे, संख्या कमी करणे, आणि वेदना कमी होईल अशी पद्धत निवडणे. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा बदलून, नव्या औषधाच्या मानवी चाचणीपूर्वी प्राण्यांवरील प्रयोग झालेच पाहिजेत ही अट काढली. उद्याच सर्व प्रयोग थांबतील असे सांगणे अप्रामाणिक ठरेल. ज्या प्रयोगाला पर्याय तयार आहे, तो केवळ सवयीने चालू ठेवणे मात्र समर्थनीय नाही.

समाजमाध्यमांवरील गोंडस व्हिडिओ पाहण्यात काय वाईट आहे?

लोरिस या लहान निशाचर प्राण्याला कोणीतरी काखेत गुदगुल्या करत आहे आणि तो आनंदाने दोन्ही हात वर करत आहे, असे व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिले आहेत. त्याच्या दंडाच्या आतील बाजूस विषाची ग्रंथी असते. धोका वाटला, की तो हात वर उचलतो, तो स्राव चाटतो, लाळेत मिसळतो आणि चावण्याची तयारी करतो. म्हणजे आपण ज्याला लाडिकपणा समजतो, ती त्याची भेदरलेली बचावाची स्थिती असते. विक्रीपूर्वी त्याचे दात अनेकदा भूल न देता कापतात आणि डोळे दिपवणाऱ्या उजेडात त्याला खोलीत ठेवतात. २००७ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली, तरीही चोरटी विक्री चालते. असा व्हिडिओ पुढे पाठवणारा प्रत्येक माणूस त्या विक्रीला गिऱ्हाईक मिळवून देतो.

हत्तीवरील सफर, वाघाच्या बछड्याबरोबर छायाचित्र, कपडे घातलेल्या माकडांचा नाच, या सर्वांना एकच कसोटी लावावी: हा प्राणी नको म्हणून बाजूला जाऊ शकतो का? अलीकडे सुटकेचे बनावट व्हिडिओही निघाले आहेत. मांजराचे पिल्लू अजगरासमोर मुद्दाम ठेवायचे, कॅमेरा लावायचा आणि मग वाचवायचे. वाचवणाऱ्याच्या आधी कॅमेरा तेथे कसा पोहोचला, हे स्वतःला विचारावे.

परंपरेने चालत आलेल्या खेळांना बाहेरच्यांनी विरोध करणे योग्य आहे का?

ज्या त्या समाजातील लोकांनीच असे खेळ संपवल्याचे इतिहासात दिसते. बैलावर कुत्री सोडणे आणि कोंबड्यांच्या झुंजी हे ब्रिटनमधील लोकप्रिय खेळ होते. १८३५ मध्ये तेथील संसदेनेच ते बेकायदा ठरवले. बैलझुंजीवर स्पेनमधील कॅटालोनिया प्रांताने २०१० मध्ये बंदी घातली, ती स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द केली. कोलंबियाच्या संसदेने मात्र २०२४ मध्ये २०२७ पासून लागू होणारी बंदी संमत केली. दक्षिण कोरियाने जानेवारी २०२४ मध्ये कुत्र्याच्या मांसाचा व्यवसाय २०२७ पासून बंद करण्याचा कायदा केला, आणि त्यामागे तेथील तरुण पिढीचे बदललेले मत होते. बाहेरच्या माणसाने अशा स्थानिक लोकांना बळ द्यावे. दुसऱ्या समाजाला रानटी म्हणून मोकळे होऊ नये, विशेषतः स्वतःच्या ताटातील पिंजरा विसरून.

प्राण्यांच्या संरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय कायदा आहे का?

प्राण्यांच्या कल्याणासाठी सर्व देशांना बांधील असा एकही करार आज नाही. १९७३ चा साइटीस करार वन्यजीवांच्या व्यापाराचे नियमन करतो, पण त्याचा रोख जाती टिकवण्यावर आहे. जिवंत प्राण्याची वाहतूक करताना त्याला इजा व क्रूर वागणूक टाळावी, एवढेच कल्याणाविषयी त्यात येते. जागतिक प्राणी आरोग्य संघटनेने २००५ पासून वाहतूक आणि कत्तल यांसाठी मानके ठरवली आहेत, मात्र त्यांच्यामागे शिक्षेची तरतूद नाही. युरोपीय संघाच्या मूळ करारात २००९ पासून प्राण्यांना संवेदनशील जीव म्हटले आहे. मार्च २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेने पशुकल्याण आणि पर्यावरण यांचा संबंध मान्य करणारा ठराव केला. तो पाया आहे, घर अजून बांधायचे आहे.

कायदे असूनही क्रौर्य का थांबत नाही?

कायदा स्वतः जाऊन पाहत नाही. ब्रिटनच्या संसदेने १८२२ मध्ये गुराढोरांच्या छळाविरुद्ध कायदा केला, तो मांडणारे खासदार रिचर्ड मार्टिन यांना लवकरच कळले की कोणी तक्रारच करत नाही. त्यांनी स्वतः खटले भरले. गाढवाला मारणाऱ्या एका फळविक्याच्या खटल्यात त्यांनी ते जखमी गाढवच न्यायालयात आणले, असे सांगितले जाते. १८२४ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या पहिल्या मोठ्या प्राणिसंरक्षण संस्थेने निरीक्षक नेमले, आणि कायद्याला डोळे मिळाले. आजही निरीक्षक किती, त्यांना आगाऊ सूचना न देता आत जाता येते का, आणि दंड नफ्यापेक्षा मोठा आहे का, या तीन गोष्टींवरून कोणताही कायदा तोलावा.

माणसांचे एवढे प्रश्न असताना प्राण्यांची काळजी का करावी?

ही दोन दुःखे वेगवेगळ्या घरांत राहत नाहीत. घरात जनावराचा छळ होतो तेथे पत्नी आणि मुले यांच्यावरही हात उगारला जात असल्याचे अनेकदा आढळते, आणि म्हणूनच अमेरिकेच्या एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेने २०१६ पासून प्राण्यांवरील क्रौर्याची स्वतंत्र नोंद सुरू केली. छळाला कंटाळलेल्या अनेक स्त्रिया कुत्र्याला किंवा मांजराला मागे ठेवावे लागेल म्हणून घर सोडत नाहीत. २००५ मध्ये कॅटरिना चक्रीवादळाच्या वेळी न्यू ऑर्लिन्समधील कित्येक लोकांनी आपले पाळीव प्राणी सोडून बाहेर पडण्यास नकार दिला. त्यानंतर २००६ मध्ये अमेरिकेने आपत्ती आराखड्यात पाळीव प्राण्यांचा विचार करणे कायद्याने आवश्यक केले.

डोळ्यांदेखत क्रौर्य घडत असेल तर काय करावे?

प्रथम स्वतःची सुरक्षितता पाहावी. झुंजीच्या अड्ड्यावर एकट्याने जाब विचारू नये. शक्य असल्यास दुरून छायाचित्र किंवा चित्रफीत घ्यावी, तारीख, वेळ, नेमके ठिकाण, वाहनाचा क्रमांक आणि सोबतच्या साक्षीदारांची नावे लगेच लिहून ठेवावीत, कारण तासाभरात तपशील पुसट होतात. मग पोलिसांकडे किंवा स्थानिक प्राणिसंरक्षण यंत्रणेकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. चित्रफीत आधी समाजमाध्यमांवर टाकण्याचा मोह टाळावा. त्यामुळे संशयित सावध होतो, पुरावा नाहीसा होतो आणि कधी कधी जनावरही नाहीसे होते.

हेळसांड दिसल्यास मात्र आधी बोलून पाहावे. मालक आजारी असेल, एकटा म्हातारा असेल, त्याला जवळचा पशुवैद्य ठाऊक नसेल; अशा वेळी पाण्याची एक बादली आणि सावलीसाठी एक ताडपत्री यांनी जे साधते, ते तक्रारीने महिनाभरात साधत नाही. जखमी वन्य प्राण्याला घरी नेऊ नये, दूध किंवा पाणी तोंडात ओतू नये. हवा खेळणाऱ्या खोक्यात, अंधारात आणि शांततेत ठेवून जाणकारांना बोलवावे.

देणगी कोणत्या संस्थेला द्यावी, हे कसे ठरवावे?

आधी जाऊन पाहावे. आश्रयस्थानात वास, आवाज आणि पाण्याची भांडी पुष्कळ काही सांगतात. वार्षिक हिशेब जाहीर आहे का, पशुवैद्य नेमलेला आहे का, आलेल्या प्राण्यांपैकी किती घरी गेले याची नोंद आहे का, हे विचारावे. जागेपेक्षा अधिक प्राणी भरून ठेवणारी संस्था कितीही प्रेमळ असली, तरी तेथे रोग पसरतो आणि प्रेमाचेच क्रौर्य होते. शेवटी किती प्राणी दगावले, हेही विचारावे. ज्या संस्थेत आजारी आणि जखमी जीव येतात, तेथे हा आकडा शून्य असू शकत नाही. तो न लपवता, कारणांसह सांगणाऱ्या संस्थेला पैसे द्यावेत, आणि जमल्यास आठवड्यातील एक सकाळही द्यावी.